कमुर्त्यातला हलवा

१० जानेवारी १९९९. सकाळचं दूध डेअरीत घालून आले, हात धुतले आणि हलव्याची परात शेगडीवर चढवली. परातीत पांढरे तीळ, थोडा साबुदाणा, भोपळ्याच्या सोललेल्या बिया. शेजारी एकतारी पाकाचं पातेलं. चमचाभर पाक सोडायचा आणि तो वाळेपर्यंत बोटांनी दाणे फिरवत राहायचे, मग पुढचा चमचा. निखारे जास्त झाले तर साखर पिवळी पडते, कमी झाले तर दाणे एकमेकांना चिकटतात. थंडी कोरडी असेल आणि हात थांबला नाही, तर दाण्यांवर काटा येतो. बोटांची टोकं भाजतात, त्याला इलाज नाही.

दर संक्रांतीला आमच्याकडे हलवा घरीच व्हायचा, पण वाटण्यापुरता. त्या वर्षी दागिन्यांसाठी हवा होता. माझ्या धाकट्या नणंदेची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. आमच्यात पहिल्या संक्रांतीला जावयाला हलव्याचे दागिने करतात ते मुलीच्या माहेरचे. हार, गुच्छ, घड्याळ, अंगठी आणि हलव्याने मढवलेला नारळ. सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात ते सासरचे. दोन्ही घरं आपापल्या वाटणीचं करतात आणि त्या दिवशी एकत्र येतात.

आमची अडचण एवढीच होती, की नणंद आमच्याकडे होती आणि जावई बडोद्यात, अकोट्याला.

दिवाळसणाला दोघं आली होती. पाडव्याला ओवाळून झाल्यावर जावई एकटेच परत गेले. म्हणाले, घरी रंगकाम काढलंय, वासाने हिला त्रास होईल, आटोपलं की न्यायला येतो. रंगकाम आटोपायचं नाव घेईना. मग जावयांना कंपनीने अहमदाबादला पाठवलं. ते परत आल्याचं आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. सासऱ्यांनी फोन केला तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, आता कमुर्ता लागला, या दिवसांत सून आणत नाहीत, संक्रांत होऊ द्या.

कमुर्ता म्हणजे डिसेंबराच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस. आमच्याकडचे गुजराती लोक त्यात लग्न, साखरपुडा, नवं घर, काही करत नाहीत. पिढ्यान् पिढ्या इथे राहून बडोद्याची मराठी घरंही तो थोडाफार पाळायला लागली. ज्याला पाहिजे तो पाळतो, नको तो नाही. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि विहीणबाई म्हणाल्या ते आम्हाला सांगितलं, तेव्हा मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघत होतो. नणंदेचा साखरपुडा आदल्या वर्षी ऐन कमुर्त्यात झाला होता. शेजारच्या पटेलकाकी तेव्हा कुजबुजल्या होत्या, आणि त्याच विहीणबाई हसून म्हणाल्या होत्या, आपण मराठी माणसं, आपल्याला कसला कमुर्ता.

सासूबाईंनाही ते आठवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण त्या उठल्या आणि तीळ निवडायला बसल्या. तेव्हापासून घरात सगळं संक्रांतीवर ढकललं गेलं. कमुर्ता संपला की कारण संपेल. मग एकतर न्यायला येतील, नाहीतर येणार नाहीत हे कळेल. एवढ्याच गोष्टीवर त्या घराचे ते दिवस चालले होते.

घर म्हणजे वाघोडिया तालुक्यातल्या एका गावात, शेताला लागून. सासऱ्यांच्या पणजोबांना संस्थानाच्या घोडदळातल्या नोकरीबद्दल जमीन मिळाली होती. गावात मराठी बोलणारं तेवढं एकच घर उरलं होतं. घोडे कधीच गेले, म्हशी होत्या. जानेवारीत कपाशीची शेवटची वेचणी असते, तूर खळ्यावर आलेली असते, मजुरांचा चहा दिवसातून कितीदा तरी होतो. त्यातच संक्रांत. माझा नवरा आणि दोन मुलं मिळून चिंचेच्या झाडापासून विजेच्या खांबापर्यंत दोरा ताणून मांजा करायची; काचेची भुकटी, भात आणि गुलाबी रंग यांची लगदी घरभर सांडलेली असायची. मी हळदीकुंकवाच्या वाणासाठी जुन्या चादरींच्या पिशव्या शिवायला घेतलेल्या. विकत आणून वाटायची फॅशन तेव्हा शहरात आली होती. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे. आमच्याकडे अजून घरचंच चालायचं, कारण वाघोडियाला जाऊन खरेदी करायला कोणाला वेळ होता?

नणंद या सगळ्यात राबत होती. बारावीपर्यंत शिकलेली, कामाला वाघ. फक्त दिवाळीपासून ती डेअरीत यायची बंद झाली होती. लग्नाआधी आम्ही दोघी दुधाची एकेक बरणी घेऊन जायचो. आता डेअरीच्या रांगेत बायका विचारायच्या, "बेन, हवे क्यारे जवाना?" आता कधी जाणार, एवढंच. दोनदा विचारलं गेलं, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, वहिनी, मी अंगण झाडते, तू जा. त्यानंतर मी दोन्ही बरण्या एकटीच नेत होते.

त्या सकाळी परातीपाशी मी तासभर बसले आणि सासूबाईंनी मला उठवलं. माझा काटा बोथट येतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. जावयाच्या हलव्याला त्यांना दुसऱ्याचा हात नको होता. सांधे धरलेले, तरी पाटावर बसून त्या परात हलवत राहिल्या. पाक घालताना ओठ हलत होते. जप होता की काय, विचारायची सोय नव्हती.

सासऱ्यांनी पुठ्ठा कापायचं काम घेतलं. घड्याळाची तबकडी, गुच्छाचा तळ, हाराचं पदक. पुठ्ठा कुठून आणायचा, तर लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा कपाटात होता. कागद जाड, चांगला. त्यांनी छापलेली बाजू आत ठेवून दोन-दोन पत्रिका चिकटवल्या आणि वरून सोनेरी कागद लावला. मला ते बघवेना. पण दुसरा पुठ्ठा घरात नव्हता, म्हणून मी खळीची वाटी पुढे सरकवली.

घड्याळ नणंदेने करायला घेतलं. हलव्याचा दाणा टोचता येत नाही, फुटतो. प्रत्येक दाण्याला दोऱ्याचा फास घालून तो पुढच्याला बांधायचा असतो. ती ओट्यावर उन्हात बसून फास घालत होती. काट्यांच्या जागी तिने लवंगा लावल्या. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. आत्याच्या नवऱ्याला आमची मुलं इथल्यासारखं फुवा म्हणायची. ती म्हणाली, फुवांचं घड्याळ चालत नाही.

"सासरी जाऊन चालेल," नणंद म्हणाली. "तिकडे सगळं वेळेवर असतं. जेवणसुद्धा शिट्टी वाजल्यासारखं."

आम्ही हसलो. ती विनोद करायची, ते मला बरं वाटायचं. थोड्या वेळाने तिने खाली बघतच विचारलं, "वहिनी, माझे दागिने झाले असतील का गं तिकडे?"

मी म्हटलं, करत असतील.

"त्यांना हलवा करता येत नाही. विकतचे आणतील. चालेल ने."

त्या 'चालेल ने'वर मी दोऱ्याचं रीळ तिच्याकडे सरकवलं. सासरी तिच्या याच बोलण्याला हसायचे, हे तिनेच मला सांगितलं होतं. प्रत्येक वाक्याला गुजरात्यांसारखं 'ने' काय लावतेस, हे काय मराठी आहे. जाऊबाईंपुढे तोंड उघडू नकोस. घर शिकलेल्यांचं, दोन पिढ्या मास्तरकी केलेल्यांचं. तिला वाटायचं यामुळेच आपल्याला न्यायचं राहिलं असेल, म्हणून दुपारी ती माझ्या मुलीचं मराठीचं पुस्तक घेऊन मोठ्याने वाचत बसायची. मुलगी तिच्या चुका काढायची.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. दक्षिणेकडचा ओला वारा सुटला, आणि गाव हळहळलं, कारण असल्या वाऱ्यात पतंग चढत नाही. आमच्या परातीत हलवा ओलसर झाला. आदल्या दिवशी आलेला काटा सकाळी बघितला तर बसला होता, दाणे गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेले. सासूबाईंनी मूठभर उचलले, ते मुठीत तसेच राहिले.

मग त्या मला म्हणाल्या, तुरीच्या खोलीत शेगडी ने. तुरीच्या खोलीला एकच खिडकी. ती बंद करून, दाराला गोणपाट लावून, आत दोन शेगड्या पेटवल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. धुराने डोळे चोळत त्या दिवसभर आत बसल्या. मी मध्ये मध्ये जाऊन दार उघडायचे, नाहीतर कोळशाने गुदमरून गेल्या असत्या. म्हटलं, आई, थोडा बोथट आला म्हणून काय होतंय, जावई काय मोजणार आहेत काटे? त्या म्हणाल्या, "आपल्याकडून काही कमी पडलं असं नको." मग पुन्हा पाक सोडला. खरं तर आमच्याकडून काय कमी पडलं होतं हेच आम्हाला कोणी सांगत नव्हतं, आणि त्यामुळे त्या सापडेल तिथे भर घालत होत्या.

त्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, हलवा पुरून उरेल, मुलीचाही एक संच करून ठेवू. बिंदी, कुड्या, एक हार. ऐनवेळी लागला तर.

"नाही करायचा."

"पण तिकडे केला नसेल तर?"

"माहेरी केला म्हणजे सासरी नाही, असं आपणच सांगितल्यासारखं होईल. तिला दिसेल. तिच्या डोळ्यांसमोर करायचा का?"

 मुलीचा संच झाला नाही.

भोगीच्या सकाळी आभाळ मोकळं झालं. जावयाचं सगळं तयार होतं. तुरीच्या खोलीतल्या हलव्याला असा काटा आला होता, की बोट लावलं तर टोचावं. हार पांढराशुभ्र, मधोमध पदक, गुच्छाला गुलाबी दोरा, नारळ मढवलेला. सासूबाईंनी बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून एकेक वस्तू ठेवली. मग आम्ही फोनची वाट बघायला लागलो. फोन आदल्या वर्षीच घरात आला होता, त्याच्यावर नणंदेने क्रोशाचा रुमाल विणून घातला होता. त्या सकाळी तिने तो रुमाल काढून ठेवला. घंटा दबली जाते, म्हणाली.

दुपारी घंटा वाजली. सासऱ्यांनी उचलला. ते नुसतं हो, हो करत होते, मग म्हणाले, "आणि आमची मुलगी?" त्यानंतर बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवून ते आत आले, आणि डब्याकडे बघत बोलले. विहीणबाई म्हणत होत्या, या धावपळीत जावयाला यायला जमणार नाही. दागिने तेवढे कोणाबरोबर तरी पाठवून द्या, वाणाचं असतं, राहायला नको. मुलीला सध्या राहू दे तिकडेच.

माझा नवरा दारात मांज्याची फिरकी घेऊन उभा होता. त्याने ती मुलाच्या हातात दिली आणि खळ्यावर निघून गेला. संतापला की तो असाच निघून जातो. नणंद भाकरी थापत होती. तिने ती भाकरी तव्यावर टाकली, भाजली, फुगल्यावर काढली. मग म्हणाली, "मग पाठवा ने. केलंच आहे तर."

सासूबाईंनी ताबडतोब ठरवलं की पाठवायचं. आपण पाठवलं म्हणजे संबंध राहिला. त्यांनी मागितलं, म्हणजे त्यांच्याही मनात संबंध आहे. त्या हे मला दोनदा सांगून गेल्या, देवापाशी दिवा लावताना एकदा आणि गोठ्यात एकदा. कोण नेणार? नवरा जायला तयार नव्हता, गेलो तर हाणामारी करून येईन म्हणाला. सासऱ्यांना त्या घरी जायची लाज वाटत होती. शेवटी मी म्हटलं, मी जाते. संक्रांतीला दूध काढल्यावर दुपारपर्यंत मला वेळ होता.

संक्रांतीच्या दिवशी आमच्याकडचा रस्ता रिकामा असतो. सगळं गाव घराघराच्या धाब्यावर, पतंग उडवत. वाघोडियापर्यंत छकडा, म्हणजे डिझेलची तीनचाकी मिळाली, तिथून बडोद्याची एसटी. डबा मांडीवर धरून बसले होते, खड्डा आला की उचलून धरायचा, कारण काटा घासला तर मोडतो. वाटेत तारांवर, झाडांवर कापलेले पतंग. स्टेशनजवळून रिक्षा केली. विश्वामित्रीचा पूल ओलांडून अकोट्यात शिरेपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवत होते, आणि ठरलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही असं वाटलं. दोन्हीकडचे दागिने असतात. आपण यांचे द्यायचे आणि त्यांच्याकडून आपले मागायचे.

घराच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, माणसं मावत नव्हती. टेप मोठ्याने लावलेला, कोणी तरी 'काप्यो छे' ओरडत होतं. विहीणबाई खाली आल्या. नेसलेली साडी नवीन, बोलणं नेहमीसारखं मऊ. पाणी दिलं, तिळगूळ दिला, उगीच त्रास घेतलात म्हणाल्या, आणि डब्यासाठी हात पुढे केला.

मी डबा मांडीवरच ठेवला. म्हटलं, "आमच्या मुलीचे दागिने तयार असतील ते द्या. आज घालायला हवेत. तुम्हाला यायला जमणार नव्हतं म्हणून मी न्यायला आले."

त्या बसल्या. "अहो, कमुर्ता होता ना. त्या दिवसांत कसे करणार?"

"साखरपुडा कमुर्त्यातच झाला होता. तुम्हीच म्हणाला होतात, आपल्याला कसला कमुर्ता."

वर पुन्हा ओरडा झाला, कोणाचा तरी पतंग गेला. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मला वाटलं रागावतील. रागावल्या नाहीत, आवाज खाली आणला.

"त्याचं मन लागत नाही हो. आम्ही समजावून थकलो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच म्हणा ना. त्याला करायचंच नव्हतं. आम्हाला वाटलं, लग्न झालं की लागेल."

मी विचारलं, मग दागिने कशाला मागवले? त्या अगाशीकडे बघून म्हणाल्या, माझ्या जावा आल्यात, शेजारी आहेत, पहिली संक्रांत म्हणून सगळे विचारतात. आणि सून कुठे आहे असं विचारतात तेव्हा? "तिला बरं नाही, असं सांगितलंय."

आमच्या मुलीला काहीही झालेलं नव्हतं. ती त्या वेळी गोठ्यात शेण काढत असणार.

मी म्हटलं, जावयांना खाली बोलवा, मी त्यांच्या हातात देते. त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि हाक मारली. वरून उत्तर आलं ते मी ऐकलं. हा एक पेच होऊ दे, येतो. आवाज हसरा होता. मी आल्याचं त्याला माहीत होतं, कारण विहीणबाईंनी मी आल्याचं सांगूनच त्याला हाक मारली होती. मी बसून राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा पाणी आणलं, ते प्यायले. टेपवरचं गाणं संपून दुसरं लागलं, तेही संपलं. जिन्यावर एक लहान मुलगी येऊन गेली, फाटलेल्या पतंगाला लावायला डिंकाची पट्टी मागत. तो आला नाही.

मी उठले. डबा काखेत धरला. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, वाण परत नेतात का?" मी म्हटलं, ज्याचं होतं तो आला नाही. चप्पल घातली आणि बाहेर पडले. त्यांनी फाटकापर्यंत यायचा प्रयत्न केला, पण शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी बघत होतं, म्हणून दारातच थांबल्या.

परतीची एसटी उशिरा मिळाली. घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. नणंद ओट्यावर उभी होती. काळी साडी नेसलेली. तिची जुनीच, कॉलेजला जायचं म्हणून घेतलेली आणि नेसायचीच राहिलेली. तिने माझ्या चेहऱ्याकडे नाही, डब्याकडे बघितलं.

"घरी नव्हते का?"

"होते."

"कुठे?"

"अगाशीवर."

"खाली आले?"

"नाही."

तिने मान हलवली आणि माझ्या हातातून डबा घेतला. आत नेऊन फोनच्या टेबलावर ठेवला, मग आत जाऊन साडी बदलून आली. विहीणबाई बोलल्या ते सगळं मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं, 'पहिल्यापासूनच' हेसुद्धा. पुढे कोणी कोणी मला बोललं की एवढं सांगायला नको होतं. पण ती रोज पुस्तक वाचून भाषा सुधारत होती, आपल्या बोलण्यात खोट आहे असं समजून. ते तरी थांबायला हवं होतं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी काही केलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि पायाचं बोट जमिनीवर घासत राहिली. तशी ती लहानपणापासून बसते म्हणे.

रडल्या त्या सासूबाई, आणि रडून झाल्यावर माझ्यावर उलटल्या. "देऊन यायचं होतंस. नुसता डबा ठेवून यायचं. तू तोडून आलीस."

"मी काही तोडलं नाही, आई. त्यांनी काही केलंच नव्हतं, ते बघून आले."

"आज ना उद्या आले असते."

"कोण?"

 त्यांची बोटं भाजून सोललेली होती, त्यांना मी तूप लावून दिलं. त्यांनी लावू दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. पुढे बरेच महिने त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. फोन वाजला की त्या अजूनही आधी उठायच्या. सासऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच संध्याकाळी जेवायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मुलं धाब्यावरून खाली उतरली तेव्हा घरात उंधियू तसंच पातेल्यात होतं, पटेलकाकींनी पाठवलेलं.

दुसरा दिवस वासी उत्तरायणाचा. गावात पुन्हा पतंग, म्हणून मजूर येणार नव्हते. मी नेहमीच्या वेळेला उठले. म्हशींचं खाण, म्हणजे आंबोण, शिजवायचं मोठं पातेलं बाहेरच्या चुलीवर ठेवलं, पाणी तापवलं आणि डबा आणला. ठेवून काय करणार होते? मुंग्या लागल्या असत्या, आणि रोज तो टेबलावर दिसला असता. नणंद मागून आली. मला वाटलं थांबवेल.

"घड्याळ दे," ती म्हणाली. "ते मी बांधलंय, मीच टाकते."

तिने लवंगा काढून बाजूला ठेवल्या, त्या चहाला होतील म्हणाली, आणि घड्याळ पाण्यात सोडलं. मी हार टाकला, गुच्छ टाकला. नारळावरचा हलवा खरवडून काढला, नारळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. साखर विरघळली तसे दोरे वर आले, सोनेरी कागद सुटला, पत्रिकांचे पुठ्ठे फुगून उलटे झाले. ते मी झाऱ्याने काढून चुलीत घातले. ओले होते, धूर फार झाला. तीळ आणि साबुदाणा तळाला बसला. त्या पाण्यात सरकी पेंड आणि भरडा घालून ढवळलं, आणि खाण म्हशींपुढे ओतलं. त्यांनी घमेली चाटून साफ केली.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग आत गेल्या.

या सगळ्यात डेअरीची वेळ निघून चालली होती. मी दूध गाळून बरण्या भरल्या, झाकणं लावली, एक उचलली आणि दुसरीसाठी वाकले, तर ती आधीच उचलली गेली होती. नणंदेने पदर खोचला होता, पायात माझ्याच चपला घातल्या होत्या.

मी म्हटलं, रांगेत विचारतील.

"विचारू दे ने," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. मी तिच्या मागोमाग दूध घालायला गेले.